चिखलातला ट्रॅक्टर: टायर निवडण्याआधी चिखलाचा तळ शोधा

एका शेतकऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ट्रॅक्टर ४५ एचपीचा, टू व्हील ड्राइव्ह. मागचे टायर १३.६-२८ मापाचे, पुढचे ६.००-१६. शेती कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात नदीकाठाला, काळी भारी जमीन, पीक ऊस. जून-जुलैत हाच ट्रॅक्टर जिल्ह्याच्या पश्चिमेला भुदरगड-आजऱ्याकडे भाताच्या चिखलणीला भाड्याने जातो आणि हंगामात कारखान्याला ऊस ओढतो. मागचे टायर झिजले आहेत, ओल्या रानात चाक जागेवर घुमतं. एक दुकानदार म्हणतो १४.९-२८ टाका. दुसरा म्हणतो पॅडी टायर घ्या. शेजारी म्हणतात, टायर आहेत तेच राहू द्या, त्यात पाणी भरा. कुणाचं ऐकायचं?

दादा, तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं आहे. अडचण अशी की तुमच्या ट्रॅक्टरला वर्षभरात तीन वेगळे चिखल लागतात आणि प्रत्येक जण त्यातल्या एकाच चिखलाचं उत्तर देतोय. म्हणून टायरच्या नंबराकडे वळण्याआधी मी गॅरेजला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारतो, की तुमच्या चिखलाला तळ आहे का?

भाताच्या खाचरात तळ असतो. वरचा वीतभर थर पाण्याने पातळ झालेला असतो, पण त्याखाली वर्षानुवर्षं चिखलणी होऊन घट्ट बसलेला थर असतो. तो पाणी धरून ठेवतो म्हणून तर भात पिकतं. पश्चिमेकडच्या तांबड्या जमिनीत हा तळ चांगला पक्का असतो. चाक वीतभर आत जातं, तिथे टेकतं, आणि टेकलं की ट्रॅक्टर पुढे सरकतो. शिरोळकडच्या काळ्या रानात पाऊस लागून राहिला, किंवा पुराचं पाणी उतरून गेलं, की ओल फूट-दोन फूट खाली मुरलेली असते. तिथे चाक जितकं खाली जाईल तितकी मऊ मातीच लागते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर ज्यांनी घाईने रानात ट्रॅक्टर घातले त्यांनी हे चांगलंच अनुभवलं आहे. क्षारपड रानात तर वरून पापुद्रा सुकलेला दिसतो आणि आत सगळं लोण्यासारखं मऊ असतं.

तळ आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, पण तपासायला पैसे लागत नाहीत. तीन-साडेतीन फूट लांबीची १० मिलिमीटरची सळई घ्या, एका टोकाला आडवा तुकडा वेल्ड करून मूठ करा आणि दोन्ही हातांनी सरळ खाली दाबा. खाचरात ती सहा-आठ इंच सहज जाते आणि मग एकदम अडते, मनगटाला झटका जाणवतो. काळ्या ओल्या रानात तसा झटका येत नाही. सळई एकाच जोराने खाली सरकत राहते आणि उपसताना तिला माती चिकटून येते. बांधाकडेला, मधे, आणि जिथे पाणी थांबतं त्या सखल जागी अशी दाबून बघा. एकाच शेतात दोन जागी दोन निकाल येऊ शकतात, आणि ट्रॅक्टर रुततो तो नेमका त्या सखल जागीच.

आता टायरकडे येऊ.

तळ असलेल्या चिखलात टायरचं काम पातळ थर कापून खालच्या घट्ट थराला धरणं हे आहे. तिथे रुंद टायरचा उपयोग कमी. रुंद टायर चिखल पुढे ढकलत जातो, त्यात इंजिनची ताकद जाते. टायर त्या मानाने अरुंद, उंच आणि त्यावरच्या रबरी पट्ट्या, ज्यांना दुकानात लग म्हणतात, त्या खोल असाव्यात. पॅडी टायर म्हणून जो विकला जातो तो हाच. टायरच्या बाजूवर आर-१, आर-२ असं लिहिलेलं असतं ते वाचायची सवय लावा. आर-१ म्हणजे आपला नेहमीचा शेतीचा टायर. आर-१डब्ल्यू म्हणजे त्याच्यापेक्षा लग साधारण पाव पटीने जास्त खोल. आर-२ चे लग आर-१ च्या जवळजवळ दुप्पट खोल असतात. हा आर-२ भात आणि ऊस पिकणाऱ्या कायम ओल्या जमिनींसाठीच काढलेला आहे.

मग दुसरा दुकानदार बरोबर का? फक्त भुदरगडच्या खाचरापुरता बरोबर. तुमचा ट्रॅक्टर चिखलणीला वर्षातले मोजके आठवडे जातो आणि ऊस ओढायला कितीतरी महिने डांबरावर पळतो. आर-२ चे उंच लग डांबरावर हलतात, थरथरतात, तापतात आणि भराभर झिजतात. ज्या खोलीसाठी जास्त पैसे मोजले ती खोली चिखलात न वापरता रस्त्यावर घासून जाते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. तुमच्या घरच्या काळ्या रानात खाली धरायला तळच नाही. तिथे खोल लगचं चाक एकदा घुमायला लागलं की ते साध्या टायरपेक्षा लवकर खाली जातं, कारण प्रत्येक लग फावड्यासारखा माती उपसून मागे टाकतो. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर फक्त भातासाठी आहे आणि जो शेताबाहेर फारसा जात नाही, त्यांनी आर-२ जरूर घ्यावा. तुम्ही घेऊ नये.

चिखलणीसाठी तुम्हाला हाफ केज व्हील परवडेल. मागच्या टायरच्या बाहेरच्या बाजूला बोल्टने बसवायचा लोखंडी पिंजरा. नीट बनवलेल्या हाफ केजचा घेर टायरपेक्षा कमी असतो, म्हणून घट्ट जमिनीवर तो टेकत नाही. टायर चिखलात काही इंच गेला की मग पिंजऱ्याच्या पट्ट्या काम करायला लागतात, आधारही देतात आणि ढकलतातही. पूर्ण केज व्हील, म्हणजे टायर काढून त्या जागी लोखंडी चाक, चिखलात याहून जोरदार चालतं. पण ते रस्त्यावर नेता येत नाही आणि बांधावरून चढवताना बांध फोडतं. भाड्याने गावोगाव फिरणाऱ्या ट्रॅक्टरला ते सोयीचं नाही. हाफ केज घेताना दोन गोष्टी बघा. पट्ट्यांचं वेल्डिंग आतून-बाहेरून दोन्हीकडून झालेलं असावं. आणि पिंजरा विनाकारण रुंद नसावा, कारण चाकाच्या बाहेर जेवढं वजन आणि ओढ लटकते तेवढा एक्सलच्या बेअरिंगवर ताण येतो. चिखलणी संपली की पिंजरा उतरवून ठेवा. तो तसाच लावून महिनाभर फिरणारे ट्रॅक्टर मी बघतो आणि मग तेच एक्सलच्या ऑइल सीलसाठी गॅरेजला येतात. पुढच्या चाकांच्या हबमध्येही चिखलणीनंतर नवीन ग्रीस भरा. हबात पाणी शिरलेलं असतं आणि ते बेअरिंग खाऊन टाकतं.

आता तुमचं खरं दुखणं, म्हणजे काळं रान. इथे जरा थांबून समजून घेण्यासारखं आहे, कारण शेजाऱ्यांच्या पाण्याच्या सल्ल्याचं उत्तरही इथेच आहे.

माती चाकाला जी पकड देते ती दोन गोष्टींतून येते. एक घर्षण. ते वर वजन वाढलं की वाढतं. दुसरं म्हणजे मातीच्या कणांनी एकमेकांना धरून ठेवण्याचं बळ. ते वजनाने वाढत नाही, टायरखाली जमिनीचं किती क्षेत्र आलं आहे त्यावर ते ठरतं. वाळूत, मुरमाड रानात, कोरड्या जमिनीत पहिली गोष्ट चालते. वजन टाका, पकड वाढते. पाण्याने भरलेल्या चिकणमातीत मात्र जवळजवळ सगळी मदार दुसऱ्या गोष्टीवर असते. आपल्या काळ्या जमिनीतली चिकणमाती मॉन्टमोरिलोनाइट जातीची. ती पाणी पिऊन फुगते आणि मऊ होते. तिच्यावर वजन वाढवलं तर पकड वाढत नाही, चाक फक्त जास्त खाली जातं. खाली गेलेल्या चाकाला सतत समोरचा चढ चढल्यासारखं पुढे जावं लागतं, म्हणजे ओढही वाढते. ओल्या काळ्या रानात टायरमध्ये पाणी भरलं की दोन्हीकडून नुकसान होतं.

१३.६-२८ टायर तीन-चतुर्थांश पाण्याने भरला, म्हणजे वॉल (हवा भरायची नळी) वरच्या बाजूला आणून त्या पातळीपर्यंत भरला, तर एका टायरमध्ये पावणेदोनशे लिटरच्या आसपास पाणी बसतं. दोन्ही मिळून साडेतीनशे किलो. उन्हाळ्यात पल्टी नांगर मारताना हे वजन सोन्यासारखं आहे. कोरड्या घट्ट जमिनीत नांगराची ओढ मोठी असते, चाक घसरतं, आणि तिथे हे पाणी डिझेल वाचवतं. पण पाऊस सुरू होण्याआधी ते काढून टाका. शिवाय पाण्याने भरलेल्या टायरात हवेची जागा कमी राहते, टायर दबत नाही, कडक राहतो. चिखलात नेमका दबणारा टायर हवा असतो. म्हणजे शेजाऱ्यांचा सल्ला चुकीचा नाही, तो एप्रिल-मे महिन्यांचा आहे.

काळ्या रानात काम करतं ते टेकणारं क्षेत्र. ते वाढवायचे दोन रस्ते, हवा कमी करणं आणि टायर मोठा करणं. यातला पहिला रस्ता फुकट आहे आणि तो फार थोडे लोक वापरतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. टायरखाली जमिनीवर येणारा दाब साधारणपणे आतल्या हवेच्या दाबाएवढा, त्याहून थोडा जास्त असतो. ऊस ओढून झाल्यावर मागच्या टायरमध्ये वीस पौंडांच्या वर हवा असते आणि त्याच हवेवर ट्रॅक्टर रोटर लावून ओल्या रानात उतरतो. टायर फुगलेला, मधला पट्टाच जमिनीला लागतो, कडेचे लग अधांतरी. शेतकामाला मागच्या टायरमध्ये साधारण १२ ते १४ पौंड हवा पुरते. तुमच्या टायरच्या कंपनीचा वजन आणि हवेचा तक्ता बघा आणि त्यावर तुमचं अवजार उचललेलं असतानाचं वजन धरून आकडा ठरवा. हवा कमी केली की टायर लांबीने जास्त टेकतो, एकाच वेळी जास्त लग जमिनीत असतात. रुंदीपेक्षा ही लांबी जास्त कामाची, कारण मागचा लग पुढच्या लगने दाबलेल्या मातीवर चालतो.

याला खालची मर्यादा आहे. ट्यूबच्या टायरमध्ये हवा फार कमी केली आणि ओढ जास्त पडली तर टायर रिमवर सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि वॉल मुळातून तुटतो. रिम आणि टायर यांच्यावर खडूने एक सरळ रेघ ओढून ठेवा. संध्याकाळी ती रेघ तुटलेली दिसली, टायरवरचा भाग पुढे-मागे गेलेला दिसला, तर हवा दोन पौंड वाढवा. आणि रस्त्यावर ट्रॉली जोडण्याआधी हवा परत भरायचीच. कमी हवेवर भरलेली ट्रॉली ओढली की टायरची बाजू तापते आणि आतले धागे तुटतात. त्यासाठी ट्रॅक्टरवर हवा मोजायचं चांगलं गेज आणि छोटा पंप ठेवा. गेज कमी दाब नीट दाखवणारं हवं. ट्रकच्या गेजवर १२ आणि १६ मधला फरक दिसत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे पहिल्या दुकानदाराचा १४.९-२८. यातला पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत, दुसरा रिमचा व्यास इंचांत. म्हणजे रिमचा व्यास तोच, टायर सव्वा इंचाने रुंद आणि थोडा उंच. सव्वा इंच ऐकायला कमी वाटतं. पण मोठ्या टायरचा खरा फायदा असा की तो तेच वजन कमी हवेवर पेलतो. १४.९ टाकून हवा पहिल्याइतकीच ठेवली तर पैसे निम्मे वाया गेले असं समजा. रिमची रुंदी बघा. १३.६ साठी डब्ल्यू-१२ रिम योग्य आणि डब्ल्यू-११ चालते. १४.९ साठी डब्ल्यू-१३ योग्य, डब्ल्यू-१२ चालते. रिमवर हा आकडा ठोकलेला असतो, घासून वाचा. तुमची रिम डब्ल्यू-११ असेल तर १४.९ टाकू नका. अरुंद रिमवर टायर मधून फुगतो, कडा उचलल्या जातात आणि ज्यासाठी टायर घेतला ते टेकणारं क्षेत्रच मिळत नाही. मडगार्डला आणि हायड्रॉलिकच्या बाजूच्या साखळ्यांना किती जागा उरते तेही मोजा, टायरला चिकटलेला मातीचा थर धरून. घेर साधारण चार टक्के वाढतो, म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये वेग तेवढा वाढेल आणि ओढ तेवढी कमी होईल. ४५ एचपीला हे जड जात नाही.

फोर व्हील ड्राइव्हवाल्यांना इथे एक इशारा देतो, तुमच्या पंचक्रोशीत हे ट्रॅक्टर आता बरेच झालेत. त्यात पुढच्या आणि मागच्या चाकांचं नातं गिअरमध्ये पक्कं केलेलं असतं. पुढचं चाक मागच्यापेक्षा किंचित जास्त पळेल असं ते गणित असतं. नुसता मागचा टायर मोठा केला की हे गणित मोडतं, पुढची चाकं ओढण्याऐवजी अडवायला लागतात आणि पुढचा गिअर आणि टायर दोन्ही खराब होतात. बदलायचं तर कंपनीने दिलेल्या जोडीतच बदला. नवे मागचे टायर आणि गुळगुळीत झालेले पुढचे, असंही चालवू नका.

आता लगच्या नक्षीबद्दल. काळी माती सगळ्यात वाईट वागते ती ना पातळ, ना वाफशावर (म्हणजे मशागतीजोगी सुकलेली), अशा मधल्या चिकट ओलीत. लगच्या मधली जागा भरते आणि टायर सपाट रूळ होऊन फिरतो. त्या वेळी लग किती खोल आहेत याला काहीच अर्थ उरत नाही, टायर स्वतःला साफ करतो का एवढंच महत्त्वाचं. दुकानात टायर उभा करून दोन लगच्या मधे पंजा घाला. जागा ऐसपैस असावी, मधून कडेकडे ती रुंद होत गेलेली असावी. लगचं मूळ काटकोनात न मिळता उताराने, गोलाई घेत मिळत असावं, कारण काटकोनाच्या कोपऱ्यात माती जाम बसते. जास्त लग असलेला टायर रस्त्यावर मऊ चालतो आणि जास्त टिकतो, तर कमी लग असलेला चिखल लवकर झाडतो. तुमच्यासाठी मी मधला निवडेन. अगदी दाट नक्षीचा, खास ट्रॉली ओढण्यासाठी म्हणून विकतात तो टायर घेऊ नका, तो ओल्या रानात रडवेल.

टायर बसवताना बाणाची दिशा बघा. चालताना नक्षीचं मधलं टोक आधी जमिनीला लागलं पाहिजे, म्हणजे चिखल मधून कडेला ढकलला जातो. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहून पाहिलं तर नक्षीचं टोक वरच्या बाजूला दिसतं. पंक्चर काढून परत बसवताना डावा-उजवा बदलला जातो आणि महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

प्लाय, म्हणजे टायरच्या मजबुतीचा आकडा, किती घ्यायचा हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण दुकानात तो येणारच. ऊस ओढायचा म्हणून १२ प्लाय देतील. तुमच्या कामाला ते बरोबर आहे. त्याची बाजू कडक असते, कमी हवेला तो कमी दबतो, हे चिखलातलं थोडं नुकसान तुम्हाला सोसावं लागेल. रेडियल टायर, म्हणजे ज्याचे आतले धागे काठापासून काठापर्यंत सरळ आडवे असतात तो, कमी हवेवर फार छान टेकतो, पण त्याची बाजू पातळ असते. खोडव्याच्या, म्हणजे तोडलेला ऊस परत फुटू दिलेल्या रानात तोडलेल्या उसाची बुडखी सुऱ्यासारखी उभी असतात. त्या रानात रोज जाणाऱ्या आणि त्याच टायरवर ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मी अजून रेडियल सुचवत नाही.

पुढची चाकं लोक विसरतात. टू व्हील ड्राइव्हला पुढचं चाक स्वतः ओढत नाही, त्याला ढकलावं लागतं. ६.००-१६ अरुंद आहे, ओल्या रानात ते पुढे मातीचा ढीग करत जातं आणि मागच्या चाकाची निम्मी मेहनत तो ढीग ढकलण्यात जाते. पुढे ६.५०-१६ किंवा ७.५०-१६ घातलं तर फरक जाणवतो. ७.५० ला रुंद रिम लागते, तो खर्च धरा. पुढची आणि मागची चाकं एकाच चाकोरीत चालतील असं अंतर जुळवलंत तर पुढच्या चाकाने दाबलेल्या मातीवर मागचं चाक येतं, एकाच्या जागी दोन चाकोऱ्या पाडायचं काम वाचतं.

तिसरा चिखल पाणंदीचा, म्हणजे शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटेचा, आणि फडाचा, म्हणजे ऊसतोड चालू असलेल्या रानाचा. पाणंदीला खाली बहुधा मुरमाचा तळ असतो, वर गुडघाभर रबडी. तिथे साधा आर-१ चालून जातो, लग शिल्लक असले पाहिजेत एवढंच. फडात मात्र बऱ्याचदा ट्रॅक्टर रुततच नाही, ट्रॉली रुतते. ट्रॉलीचे टायर अरुंद आणि त्यात ट्रॅक्टरच्या कितीतरी पट हवा. भरलेली ट्रॉली ओल्या काळ्या रानात सुरीसारखी खाली जाते आणि दोष मागच्या टायरला दिला जातो. जगातला कुठलाही टायर ट्रॅक्टरला लावलात तरी एक्सलपर्यंत रुतलेली ट्रॉली तो ओढणार नाही. फड ओला असेल तर ट्रॉली रानात अर्धीच भरा आणि उरलेली कडेला आणून भरा, किंवा तोडकऱ्यांशी बोलून मोळ्या बाहेर काढण्याचे जादा पैसे ठरवा. ते पैसे खोडव्याच्या रानात पडलेल्या चाकोऱ्यांच्या नुकसानीपेक्षा कमीच असतात. जिथे भरलेली ट्रॉली गेली तिथला खोडवा पुढचं वर्षभर पिवळा दिसतो, हे तुम्हीही पाहिलं असेल.

नवीन टायर घेण्याआधी आणि घेतल्यानंतर घसरण मोजा, म्हणजे पैसे कुठे गेले ते कळेल. मागच्या टायरला खडूची खूण करा. अवजार जमिनीत घालून नेहमीच्या गिअरमध्ये चाकाचे दहा फेरे होऊ द्या, सुरुवातीला आणि शेवटाला खुंटी ठोका. मग अवजार उचलून त्याच दोन खुंट्यांमधलं अंतर त्याच गिअरमध्ये चाला आणि फेरे मोजा. साडेआठ फेरे भरले तर घसरण १५ टक्के. मऊ रानात १५ च्या आसपास ठीक आहे. २० च्या वर गेली तर डिझेल आणि टायर दोन्ही जमिनीत चाललेत. घट्ट कोरड्या रानात ती ८ च्या खाली असेल तर उलट तुम्ही गरजेपेक्षा जास्त वजन वागवताय. चाकोरीतला ठसाही बरंच सांगतो. कडेला लगचे ठसे स्पष्ट आणि मधे माती थोडी हललेली, असं दिसलं तर वजन आणि हवा बरोबर आहे. ठसेच दिसत नाहीत, सगळं खरवडलेलं आहे, तर चाक घुमतंय.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. रिम डब्ल्यू-१२ किंवा डब्ल्यू-१३ असेल आणि मडगार्डला जागा असेल तर मागे १४.९-२८, आर-१, ऐसपैस नक्षीचा, १२ प्लाय. रिम डब्ल्यू-११ असेल तर रिम बदलण्याच्या भानगडीत न पडता १३.६-२८ च, आणि वाचलेल्या पैशांत पुढचे टायर मोठे करा. दोन्ही बाबतीत चिखलणीसाठी हाफ केज. पाणी फक्त उन्हाळी नांगरटीला. टायर घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. फार दिवस पडून राहिलेला टायर स्वस्तात मिळाला तरी त्याचं रबर कडक झालेलं असतं. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला टायर ट्रॉलीला ठीक, ओल्या रानातल्या ओढीच्या चाकाला मी देत नाही. आणि काळ्या रानात सळई दीड फूट सरळ जात असेल तर त्या दिवशी कुठलाच टायर उपयोगाचा नाही. वाफशाची वाट बघा.

शेवटी जिवाशी खेळ होतो ती गोष्ट. चाक घुमायला लागलं की पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच थांबा. अवजार उचला, डिफ लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा खटका, चाक थांबलेलं असताना लावा, घुमत असताना नाही, आणि आलात त्याच चाकोरीने मागे घ्यायचा प्रयत्न करा. वळताना लॉक सोडा. निघत नसेल तर अवजार सोडून दुसरा ट्रॅक्टर बोलवा. दोर किंवा साखळी खालच्या हुकालाच बांधा, वर टॉप लिंकच्या, म्हणजे अवजाराच्या वरच्या दांड्याच्या जागी किंवा सीटजवळ कधीच नाही, आणि ओढताना दोराच्या आसपास कुणाला उभं राहू देऊ नका. मागच्या चाकांना लाकडाचा ओंडका बांधून ट्रॅक्टर काढायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती अजिबात करू नका. चाक फिरू शकलं नाही की इंजिनची सगळी ताकद ट्रॅक्टरचं तोंड वर उचलते आणि तो चालकावर उलटा पडतो. हे इतक्या झटकन होतं की क्लच दाबायला वेळ मिळत नाही. तुमच्याकडे भाड्याने ट्रॅक्टर चालवणारा ड्रायव्हर असेल तर त्याला हे समोर बसवून सांगा, आणि रुतला तर फोन कर, उशीर झाला तरी चालेल, हेही सांगा.